घरचा व्यायाम खरंच होतोय का? मोजायचं कसं

"करताय ना व्यायाम?"
"करते की ओ!"

सोलापुरातल्या कुठल्याही फिजिओथेरपीच्या खोलीत हे ऐकू येईल. यातून कळत काहीच नाही. विचारणाऱ्याला 'हो' हवं असतं आणि सांगणाऱ्याला ओरडा नको असतो. गुडघेदुखी, आखडलेला खांदा, कंबरदुखी यांत घरचा व्यायाम हेच मोठं औषध. गोळ्या आपण मोजून घेतो, तर हेही मोजायला हवं.

सांगितलं काय होतं? 'पायाचा व्यायाम करा' हे मोजता येत नाही. 'गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, खाली दाबून ५ सेकंद धरा, १० वेळा, सकाळ-संध्याकाळ' हे मोजता येतं. कागदावर नसेल तर परत जाऊन लिहून आणा.

नोंद त्याच क्षणी करा. सगळं मोजमाप इथंच फसतं. २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता. जुनं दुखणं असलेल्यांना वेदनेची नोंद ठेवायला कागदी डायऱ्या दिल्या आणि डायरी कधी उघडली हे टिपणारा प्रकाशाचा सेन्सर आत गुपचूप बसवला. नोंदींवर विश्वास ठेवला तर ९० टक्के वेळा डायरी वेळेवर भरलेली. सेन्सर सांगत होता ११ टक्के. शाळेत गृहपाठाची वही आपणही तपासणीच्या आदल्या रात्रीच भरायचो, त्यामुळे मला याचं फार नवल वाटलं नाही.

म्हणून वही नको, भिंत बरी. दाते पंचांगाच्या गावात दिनदर्शिका नसलेलं घर विरळाच. सकाळच्या खेपेला एक रेघ, संध्याकाळी दुसरी. लिहिता येत नसेल किंवा घरात मराठीऐवजी तेलुगू-कन्नड चालत असेल, तर दोन डबे आणि चिंचोके घ्या. खेप झाली की एक चिंचोका या डब्यातून त्या डब्यात. दिवसाला हजार बिड्यांचा हिशेब चोख ठेवणाऱ्या अक्कांना हे शिकवावं लागत नाही, त्याच मला शिकवतात.

चुकलं तर कारणाचं अक्षर टाका. दु म्हणजे दुखलं, वि म्हणजे विसरले, वे म्हणजे वेळ नव्हता, शं म्हणजे बरोबर करतोय का याची शंका. मला टक्क्यांपेक्षा हीच अक्षरं जास्त उपयोगी वाटतात. यंत्रमागावर पाळी बदलली की त्या आठवड्यात 'वे' दाटीने दिसतात. गड्ड्याच्या जत्रेत तर विचारायलाच नको.

दोन आठवड्यांनी हिशेब. दिवसाला दोन खेपा म्हणजे १४ दिवसांत २८. झाल्या १९, तर १९ भागिले २८, साधारण ६८ टक्के. अर्धवट खेप पूर्ण धरू नका, वेगळी खूण करा. घरच्यांनी विचारताना "केलंस का?" म्हणू नये, "या आठवड्यात किती खेपा राहिल्या?" असं विचारावं. राहणारच, हे गृहीत धरलेलं असलं की माणूस खरं बोलतो.

तयार प्रश्नावल्याही आहेत. 'एक्सरसाइज ॲडहेरन्स रेटिंग स्केल'मध्ये रुग्णाने स्वतः उत्तरं द्यायची सहा विधानं असतात, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण २४. जितके जास्त गुण तितकी नियमितता जास्त. पण शेवटी तेही स्वतःचंच सांगणं, म्हणून ते भिंतीवरच्या रेघांशी ताडून बघा.

किती झालं आणि कसं झालं, हे वेगळं. आठवड्यातून एकदा मोबाईलवर मिनिटभराचा व्हिडिओ काढा, दर वेळी त्याच जागेवरून. किंवा पुढच्या भेटीत कुणी न सांगता व्यायाम करून दाखवा. रुग्ण समोर असताना किती जोर लावतो, सूचना किती पाळतो, बदल किती मनापासून स्वीकारतो, हे तपासायला फिजिओथेरपिस्टकडे 'सायरस' नावाची मोजपट्टी असते. तीन प्रश्न, प्रत्येकी १ ते ५ गुण. तिच्यात दिसतो तो दवाखान्यातला माणूस, घरातला नाही.

मोबाईलमधली पावलं इथं मोजू नका. सिद्धेश्वर तलावाभोवती फेऱ्या मारल्या म्हणजे मांडीचा व्यायाम झाला असं होत नाही. दुखणं कमी झालं म्हणजे व्यायाम झालाच, असंही नाही. गुडघा किती वाकतो हे वेगळ्या रकान्यात लिहा.

दिनदर्शिकेचं ते पान फाडू नका, तसंच दवाखान्यात न्या. 'दु' जास्त असतील तर व्यायाम बदलावा लागेल. 'वे' जास्त असतील तर सहा व्यायामांचे तीन करून मागा. लाज वाटून रिकाम्या चौकोनांत रेघा मात्र भरू नका, नाहीतर तुम्ही न केलेल्या व्यायामाच्या जोरावर पुढचा अवघड व्यायाम सुरू होईल.