अपघातानंतर जुन्या दुर्मीळ गाडीचं डेंटिंग-पेंटिंग: या चुका टाळा

रंगात दिसणारे बहुतेक दोष रंगाचे नसतातच. ते खाली पत्र्यात, पुट्टीत आणि प्राइमरमध्ये आधीच होऊन बसलेले असतात. दुर्मीळ गाडीत हे फार महागात पडतं, कारण एकदा कापून फेकलेला मूळ पत्रा पुन्हा मिळत नाही.

माप न घेता ओढणं

मार पुढच्या मडगार्डला लागला तरी चासी मागे कुठेतरी वाकलेली असू शकते. चासीवरच्या समोरासमोरच्या भोकांमधली तिरकी मापं दोन्ही बाजूंनी घ्या. फरक 3-4 मिमीपेक्षा जास्त असेल, तर चासी सरळ होईपर्यंत एकाही पॅनलला हात लावू नका. उघड्या टपाच्या गाडीत दरवाजाखालचा सिल कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीत आडवा आधार वेल्ड करा, नाहीतर बॉडी मधोमध बसते आणि दरवाजा कधीच नीट लागत नाही.

चेपलेलं पॅनल भंगारात टाकणं

आमच्या मते सगळ्यात वाईट चूक हीच. नव्याने बनवलेल्या पॅनलचा बाक मूळ पॅनलशी क्वचितच तंतोतंत जुळतो, पण चेपलेला जुना पत्रा बऱ्याचदा सरळ होतो. फक्त खोल खड्ड्यावर थेट हातोडी घालायची नाही, तसं केलं की पत्रा ताणतो. जी घडी शेवटी पडली ती आधी उघडायची: कडेच्या उंचवट्यापासून सुरुवात, आतून डॉलीचा (हातात धरायच्या लोखंडी ठोकळ्याचा) आधार, वरून हलके ठोके.

ॲल्युमिनियम ठोकून कडक होतं आणि चिरतं, म्हणून ते मधूनमधून तापवून मऊ करावं लागतं. पत्र्यावर साध्या साबणाची रेघ ओढा आणि ज्योत फिरवत राहा. रेघ गडद तपकिरी झाली की ज्योत लगेच बाजूला. त्यापुढे पत्रा रंग न बदलताच वितळतो, डोळ्यांना काहीच कळत नाही.

वेल्डिंग एका दमात ओढू नका. साधारण 25 मिमी अंतरावर टाके, एक या टोकाला, एक त्या टोकाला, आणि मध्ये पत्रा हाताला सोसेल इतका थंड होऊ द्या. मिगचा (आपोआप तार पुरवणाऱ्या वेल्डिंगचा) टाका कडक असतो, ठोकून सपाट होत नाही. बाहेरून दिसणाऱ्या पॅनलला टिग (टंगस्टन टोकाचं वेल्डिंग) किंवा गॅस वेल्डिंगच बरं.

पुट्टी

घासून झाल्यावर थर 3 मिमीच्या आत हवा. हार्डनर, म्हणजे पुट्टी कडक करणारी पेस्ट, वजनाने सुमारे 2 टक्के, म्हणजे 100 ग्रॅमला 2 ग्रॅम. लवकर सुकावी म्हणून जास्त घातला, तर पुढे रंगातून पिवळट-तपकिरी डाग वर येतात. आम्ल असलेल्या एच (etch) प्राइमरवर पुट्टी धरत नाही. ती घासलेल्या उघड्या पत्र्यावर किंवा पूर्ण सुकलेल्या, घासलेल्या इपॉक्सी प्राइमरवर लावा. जुन्या सांध्यांत शिसं भरलेलं असेल तर ग्राइंडर लावू नका, ती धूळ विषारी असते. हाताची कानस वापरा.

जुना रंग न ओळखणं

आतल्या बाजूला थिनरने भिजवलेला फडका घासून बघा. रंग विरघळून फडक्यावर आला तर तो सेल्युलोज लॅकर असण्याची शक्यता मोठी. त्यावर थेट टू-के (हार्डनर मिसळून वापरायचा) रंग मारला की कडांना सुरकुत्या पडू शकतात, म्हणून मध्ये इपॉक्सीचा थर हवाच. घासण्याआधी वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने पुसा. पॉलिशमधलं सिलिकॉन राहिलं, तर रंगात माशाच्या डोळ्यासारखी भोकं पडतात.

टू-केच्या हार्डनरमधली आयसोसायनेट नावाची रसायनं श्वासातून गेली, तर कायमचा दमा जडू शकतो. स्वच्छ हवा पुरवणारा मास्क नसेल तर हे काम करूच नका.

डबीवरच्या कोडवर विसंबणं

उन्हात राहिलेला रंग कोडशी जुळत नाही. मूळ छटा डॅशबोर्डखाली किंवा डिकीच्या आत सापडते, पण एकच पॅनल रंगवायचं असेल तर शेजारचं पॅनल पॉलिश करून त्याच्याशी जुळवा. आधी कार्डावर फवारून, सुकवून, दिवसाच्या उजेडात दोन-तीन कोनांतून पाहा. मेटॅलिक रंग पॅनलच्या कडेला तोडू नका, शेजारच्या पॅनलवर विरत न्या. दोन कोटांमध्ये डबीवर दिलेला वेळ, बहुधा 10-15 मिनिटं, पूर्ण द्या. घाई केली की अडकलेला थिनर बुडबुडे करून बाहेर पडतो.

रंगाआधी गाडी चाकांवर उभी करा, रबरं लावा आणि पॅनलांमधल्या सगळ्या फटी तपासा. रंग पक्का झाल्यावर सिल आणि पोकळ खांबांत कॅव्हिटी वॅक्स (आतून गंज रोखणारं मेण) पुन्हा मारायला विसरू नका. वेल्डिंगच्या उष्णतेने आतलं जुनं वॅक्स जळालेलं असतं आणि गंज तिथूनच सुरू होतो.