व्हॉइड पॉइंटरमधून आकडा पाठवताना

लिनक्सचे ड्रायव्हर वाचू लागलात की एक गोष्ट लवकरच खटकेल. कॉलबॅकला, म्हणजे कर्नल नंतर बोलावतो त्या आपल्या फंक्शनला, मिळणाऱ्या व्हॉइड पॉइंटरमध्ये (कुठल्याही टाइपचा पत्ता धरणारा पॉइंटर) कधीकधी पत्ता नसतोच, साधा आकडा कास्ट करून, म्हणजे टाइप बदलून, कोंबलेला असतो. मलाही सुरुवातीला हा आळशीपणा वाटायचा. पण कर्नल तो पॉइंटर उघडून बघत नाही, दिला तसा परत करतो, म्हणून हे चालतं.

आकडा परत काढताना थेट इंटमध्ये कास्ट करू नका. ३२ बिटांवर ते निमूट कंपाइल होतं, ६४ बिटांवर जीसीसी कंपायलर आकार जुळत नसल्याची वॉर्निंग देतो. आधी अनसाइन्ड लाँग, मग हवा तो टाइप. लिनक्सवर लाँगची रुंदी पॉइंटरइतकीच असते. ६४ बिटांच्या विंडोजवर मात्र लाँग ३२ बिटांचाच, त्यामुळे ही सवय तिकडे नेऊ नका.

खरा त्रास शून्याचा. डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन. त्याच्याशी जुळवायच्या चिपची यादी, म्हणजे मॅच टेबल, ड्रायव्हरमध्ये असते. त्यात चिपचा प्रकार इनम (नावं दिलेले आकडे) म्हणून ठेवला आणि पहिला प्रकार ० असला, तर ‘पहिली चिप’ आणि ‘काहीच जुळलं नाही’ दोन्ही नलच (शून्य पॉइंटर) दिसतात. नल तपासलात तर चांगली चिप प्रोबमध्येच, म्हणजे ड्रायव्हर चिपला जोडला जातानाच, नाकारली जाते, न तपासलात तर अनोळखी चिपही पहिली समजली जाते. इनम १ पासून सुरू करा. त्याहून बरं म्हणजे प्रत्येक चिपच्या माहितीचं कॉन्स्ट स्ट्रक्चर करून त्याचा पत्ता द्या. रिव्ह्यूत बहुधा हेच सुचवलं जातं.

इंटरप्टमध्ये तर आकडा देऊच नये असं माझं मत. अनेक डिव्हाइसच्या शेअर्ड लाइनवर डेव्ह-आयडी (इंटरप्ट हँडलरला मिळणारा व्हॉइड पॉइंटर) नल चालत नाही, म्हणजे आकडा म्हणून चॅनेलचा क्रमांक दिला तर चॅनेल ० ची नोंदणीच फसते. शिवाय हँडलर काढणारं फ्री-आयआरक्यू फंक्शन तो ओळखतं ते याच आयडीवरून. त्याच लाइनवर दुसऱ्या ड्रायव्हरनेही १ दिला असेल, तर तुमच्याऐवजी त्याचा हँडलर निघू शकतो.

लूपमध्ये थ्रेड सुरू करताना लूपच्या व्हेरिएबलचा पत्ता देणं याहून वाईट. थ्रेड जागा होईपर्यंत ती किंमत बदललेली असते, कधी फंक्शनच संपलेलं असतं. तिथे आकडा कास्ट करून देणंच सुरक्षित, किंवा दर चॅनेलला वेगळं स्ट्रक्चर.

कर्नलच्या टायमर कॉलबॅकलाही पूर्वी असाच अनसाइन्ड लाँग मिळायचा, आणि बहुतेक ड्रायव्हर त्यात पत्ता कास्ट करून घालायचे. जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या ४.१५ मध्ये ती पद्धत काढली. आता कॉलबॅकला टायमरचाच पॉइंटर मिळतो आणि आपलं स्ट्रक्चर त्यावरून शोधायचं. त्या बदलाचे पॅच गिटमध्ये आहेत. एखादा छोटा ड्रायव्हर निवडून त्याचा आधीचा आणि नंतरचा कोड शेजारी ठेवून वाचा.