तारखेचा घोटाळा होण्याआधी ग्रामपंचायतीचे संगणक कसे तपासावेत

मराठवाड्यातल्या एका नगरपंचायतीत गाळ्याचा करार नोंदवत होतो. मुदत ३१ मार्च २०४०. नोंद जतन केली आणि पडद्यावर मुदत आली २३ फेब्रुवारी १९०४. करार संपलेला दिसतो म्हणून त्या गाळेधारकाची भाडेपावतीच निघेना. बिचाऱ्याने पैसे हातात घेऊन तीन आठवडे खेटे घातले.

जुन्या अनेक प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून तारीख ठेवतात आणि त्या आकड्याला जागा ३२ बिटांचीच, म्हणजे ठरावीकच असते. ती १९ जानेवारी २०३८ रोजी आपल्याकडच्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरते. पुढच्या सेकंदाला तारीख थेट डिसेंबर १९०१. "२०३८ ला अजून वेळ आहे, तेव्हा बघू" असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. लांब मुदतीचे करार आजच अडकतात.

१. यादी करा. संगणकांसोबत हजेरीचं यंत्र, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर आणि पाणीपुरवठ्याच्या मोटारीचा टायमरही धरा.

२. बटण-सेल बदला. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला की लाइट गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते, मग शासनाची संकेतस्थळं सुरक्षेचं कारण देऊन उघडत नाहीत. निम्म्या तक्रारी इथंच मिटतात.

३. बॅकअप घ्या, आणि तो दुसऱ्या संगणकावर उघडून बघा.

४. तारीख पुढे नेऊन चाचणी. खरं काम हेच, आणि माझी सगळ्यात मोठी चूकही इथलीच. घाईत मी चालू संगणकावरच घड्याळ २०३८ वर नेलं. तेवढ्यात खिडकीवरून घरपट्टीच्या दोन पावत्या फाडल्या गेल्या, त्यावर २०३८ ची तारीख. शिवाय बॅकअपच्या प्रोग्रामने आधीच्या सगळ्या प्रती 'जुन्या' समजून पुसल्या. पावत्या रद्द करून लेखापरीक्षणाला खुलासा देता आला, पुसलेल्या प्रती मात्र परत आल्या नाहीत. चालू संगणकाच्या घड्याळाला कधीही हात लावू नका. कितीही छोटी ग्रामपंचायत असो, जुना संगणक वेगळा काढा, त्यावर प्रत चढवा, इंटरनेटची वायर उपसा, आपोआप वेळ जुळवणं बंद करा, मगच तारीख बदला.

चाचण्या दोन आहेत आणि लोक त्या एकच समजतात. एक, घड्याळ आजचंच ठेवून पुढची तारीख भरणं, जसा माझा गाळ्याचा करार. दुसरी, घड्याळच पुढे नेणं. त्यासाठी २९ फेब्रुवारी २०२८, १ जानेवारी २०३० आणि १९ जानेवारी २०३८ घ्या. २०३० का? वर्षाचे दोनच आकडे टाकले तर एक्सेल अनेक संगणकांवर २९ ला २०२९ मानतं, पण ३० ला १९३०. प्रत्येक तारखेला पावती काढा, दाखला काढा, थकबाकीवरचं व्याज काढा.

छापलेल्या कागदावर मात्र विसंबू नका. कागदावर '१९-०१-३८' छान दिसतं, आत १९३८ बसलेलं असतं. यादी तारखेनुसार लावून बघा. नवी नोंद सगळ्यात जुन्या नोंदींच्या वर जाऊन बसली, की चोर सापडला.

आपल्या भागात आणखी एक पेच आहे. निजामकाळातल्या नोंदींत फसली सन, म्हणजे तेव्हाचं महसुली वर्ष असतं. फसली १३५८ म्हणजे १९४८-४९. भरणाऱ्या पोराला हे माहीत नसेल तर तो १३५८ च भरतो, आणि प्रोग्रामही तक्रार न करता घेतो. त्यात एक्सेल १९०० पूर्वीच्या तारखेला तारीख मानतच नाही, नुसता मजकूर म्हणून ठेवतं. पणजोबांची नोंद शोधायला आलेल्या माणसाला मग "नोंद नाही" असं उत्तर मिळतं. म्हणून फसली सनाला वेगळा रकाना ठेवाच.

"६४ बिटचा नवा संगणक घ्या, मिटलं" हा सल्ला अर्धवट आहे. प्रोग्राम जुनाच राहिला, किंवा नोंदी साठवणाऱ्या मायएसक्यूएल या प्रणालीत तारखेचा रकाना टाइमस्टॅम्प प्रकारचा असला, तर मर्यादा २०३८ चीच राहते.

५. पुरवठादाराला लेखी विचारा. शासनाच्या पोर्टलवर तुमच्या घड्याळाने काहीच तपासता येत नाही, तिथं सर्व्हरची तारीख चालते. तो प्रश्न पंचायत समितीमार्फत वर पाठवा. खासगी प्रोग्रामवाल्याकडून "२०३८ नंतरच्या तारखा चालतात" असं सही-शिक्क्यानिशी घ्या. फोनवरचं "हो साहेब, चालतंय" धरू नका.

६. कागदी पावतीपुस्तक तयार ठेवा. क्रमांक वेगळी मालिका लावून छापून घ्या, आणि नमुना ९ ची (करमागणी नोंदवहीची) ताजी छापील प्रत त्याच कपाटात ठेवा. संगणक बंद पडला त्या दिवशी कुणाकडे किती बाकी आहे हे त्या प्रतीवरूनच कळेल.