सिनेमाचे जुने फोटो सापडले तर आधी मागची बाजू वाचा

थेटरवाल्यांच्या, वितरकांच्या किंवा स्टुडिओत काम केलेल्या माणसांच्या घरी माळ्यावर अजूनही सिनेमाच्या फोटोंचे गठ्ठे निघतात. माझे वडील कोल्हापुरात एका थेटरात शोकेस लावायचे, त्यामुळे हे फोटो मी लहानपणापासून हाताळत आले. आता ओळखीत कुणाकडे ट्रंक निघाली की लावून द्यायला जाते. गेल्या गेल्या एकच सांगते: गठ्ठा विस्कटू नका. कुठला फोटो कशाखाली होता, कुठल्या पाकिटात होता, यात निम्मी ओळख असते. ट्रंक उघडली की आहे तशी मोबाइलवर टिपून ठेवा, आणि मगच एकेक फोटो उचला.

हात धुऊन कोरडे करा. टेबलावर स्वच्छ, धुतलेली चादर पसरा. फोटो कडांना धरायचा, तोंडावर बोट लावायचं नाही. आणि उचलला की पहिल्यांदा उलटा करायचा.

माझ्यासमोर आत्ता एक स्टिल, म्हणजे सिनेमाच्या जाहिरातीसाठी काढलेला फोटो, आहे. पुढून पाहाल तर फेटा बांधलेला एक माणूस आणि दारात उभी बाई, बस्स. मागे मात्र वितरकाचा जांभळा रबरी शिक्का, शाईनं घातलेला आकडा, ‘परत करणे’ असा शेरा आणि लाल पेन्सिलीनं ‘2 कॉ.’ लिहिलेलं. म्हणजे हा फोटो थेटरात लागला, वर्तमानपत्रात दोन कॉलमी छपाईचा ठसा (ब्लॉक) करायलाही गेला, आणि खरं तर परत जायचा होता. चारही कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं आहेत, ती शोकेसची. या खुणा म्हणजे फोटोची जन्मपत्रिका. त्या खोडरबरनं पुसू नका, मागे पुठ्ठा चिकटवून झाकू नका.

ओळख पटवताना एक लक्षात घ्या. स्टिल हे बहुधा फिल्मच्या पट्टीतून काढलेलं चित्र नसतं. शॉट झाला की स्टिल फोटोग्राफर नटांना पुन्हा उभं करून वेगळ्या कॅमेऱ्यानं फोटो घेई. त्यामुळे पडद्यावर नसलेली पोझ स्टिलमध्ये सापडते. ‘असा प्रसंग सिनेमात नाही’ एवढ्यावरून नाव खोडू नका.

प्रभात फिल्म कंपनीच्या फोटोंत तर आणखी एक पेच असतो. 1929 साली कोल्हापुरात निघालेली आणि 1933 मध्ये पुण्याला गेलेली ही कंपनी बऱ्याचदा एकच कथा मराठीत आणि हिंदीत अशी दोनदा चित्रित करी. 1941 चा ‘शेजारी’ आणि त्याचा हिंदी ‘पडोसी’ घ्या. दोन्हींत मिर्झाच्या भूमिकेत गजानन जागीरदारच आहेत, पण त्यांचा हिंदू शेजारी मराठीत केशवराव दाते आणि हिंदीत मझहर खान. तेव्हा जागीरदारांना पाहून नाव लिहू नका, शेजारच्या माणसाचा चेहरा बघा. ‘कुंकू’ आणि त्याच्या हिंदी ‘दुनिया न माने’मध्ये मात्र शांता आपटे आणि दाते दोन्हीकडे तेच, तिथे चेहऱ्यावरून काही कळत नाही. अशा वेळी मागचा शिक्का, गाण्यांची पुस्तिका किंवा सोबतचं पाकीट बोलतं. तेही नसेल तर दोन्ही नावं लिहून पुढे ‘बहुधा’ लिहा. ठामपणे लिहिलेलं चुकीचं नाव पुढे वर्षानुवर्षं छापलं जातं, म्हणून हा शब्द मला फार मोलाचा वाटतो.

फोटो आणि शोकार्ड, म्हणजे थेटरात लावायची छापील जाहिरातचित्रं, एकत्र ठेवू नका. ओळखायला साधं भिंग पुरतं: छापलेल्या चित्रात ठिपके दिसतात, खऱ्या फोटोत दिसत नाहीत. काळ्या भागावर आरशासारखी निळसर चकाकी आली असेल तर ती पुसू नका. कागदातली चांदीच वर आलेली असते.

निगेटिव्ह निघाल्या तर मात्र हात आवरा. 1950 च्या सुमारापर्यंतची फिल्म बऱ्याचदा नायट्रेटची, म्हणजे सहज पेट घेणाऱ्या प्लास्टिकची असते. कडेला ‘सेफ्टी’ छापलेलं नसेल किंवा फिल्म पिवळीतपकिरी, चिकट किंवा उग्र वासाची झाली असेल तर ती स्कॅनरवर ठेवू नका, उन्हात ठेवू नका, कुरिअरनं तर मुळीच पाठवू नका. नायट्रेट पेटलं की पाण्यानंही विझत नाही, कारण जळताना लागणारा ऑक्सिजन ते स्वतःच पुरवतं. जानेवारी 2003 मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात ठेवलेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म अशाच आगीत गेल्या. तो सगळा ठेवा पुन्हा मिळायचा नाही. अशी फिल्म घरात निघाली तर ती घरातल्या उष्णतेपासून आणि इतर फोटोंपासून लांब ठेवून थेट जाणकारांना कळवा. आंबूस, व्हिनेगरसारखा वास येणारी फिल्म नायट्रेटची नसते, पण तीही बाकीच्यांपासून वेगळी ठेवावी लागते.

गंजलेल्या टाचण्या आणि क्लिपा हलक्या हातानं काढा. सेलोटेप ओढून काढायला जाऊ नका. पावसाळ्यात एकमेकांना चिकटून वाळलेले फोटो सोडवायच्या फंदात पडू नका, ते काम फोटो दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाचं. लॅमिनेशन तर अजिबात नको! आपल्याकडे प्रेमापोटीच लोक करतात, पण तापलेलं प्लास्टिक एकदा बसलं की फोटो सोडवता येत नाही. चिकट पानांचे अल्बमही तसेच. फोटो आम्लरहित कागदात घाला, खोक्यात आडवे ठेवा, खोकं लोखंडी कपाटात, जमिनीपासून वर आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर. डांबरगोळ्या आणि वर्तमानपत्राचे कागद आत नकोत. काचेच्या स्लाइड उभ्या ठेवायच्या.

स्कॅन करताना फोटो काळापांढरा असला तरी रंगीत मोडवर करा, 600 डीपीआयला, टिफ (TIFF) फाइलमध्ये. पुढची बाजू आणि मागची बाजू, दोन्ही. कडा कापू नका, मशीनला ‘सुधारू’ देऊ नका. फोटोच्या मागे कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं हलका क्रमांक घाला, तोच फाइलला आणि वहीत. वहीत एवढं लिहा: कुणाकडून मिळाला, कुठल्या गठ्ठ्यात होता, मागे काय लिहिलंय ते अक्षरशः, आणि नाव कशावरून ठरवलं. थेटरात काम केलेलं कुणी म्हातारं माणूस जवळपास असेल तर स्कॅन मोठे करून त्यांना दाखवा. नायक-नायिकेला सगळेच ओळखतात. मागे उभ्या असलेल्या, कॅमेऱ्यापाशी बसलेल्या माणसांची नावं त्यांनाच ठाऊक असतात.

भारतीय कायद्यात 2012 च्या दुरुस्तीपर्यंत फोटोचा कॉपीराइट प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं चाले (आता तो फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो), त्यामुळे मूकपटांच्या आणि सुरुवातीच्या बोलपटांच्या त्या काळी छापून आलेल्या स्टिल्सना सहसा अडचण येत नाही. मूळ गठ्ठा सांभाळणं झेपत नसेल तर पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 पासून हेच काम करतंय. फिल्मबरोबर स्टिल्स, पोस्टर, पुस्तिकाही तिथे जपतात. देताना सुटे निवडक फोटो देऊ नका, अख्खा गठ्ठा मूळ क्रमानं द्या, सोबत वहीची प्रत द्या आणि क्रमांकवार यादीवर लेखी पोच घ्या.