संस्थेच्या कपाटातली जुनी कागदं रद्दीत घालायच्या आधी हे करा

आपल्या सोलापुरात वाचनालयं, साहित्य मंडळं काय कमी नाहीत, आणि प्रत्येक ऑफिसात एक कपाट असतंच ज्यात जुन्या निमंत्रणपत्रिका, बक्षिसांच्या याद्या, प्रदर्शनाचे फोटो सगळं कोंबलेलं असतं. अमृतमहोत्सवाची स्मरणिका काढायची वेळ आली की मग कुठं त्याची आठवण होते.

कपाट उघडलं की लगेच सगळं वर्षवार लावत बसू नका. ज्यानं गठ्ठा बांधलाय त्यानं काहीतरी डोकं लावून बांधलाय, एका समारंभाची कागदं एकत्र असतात आणि ती एकदा विस्कटली की परत जुळत नाहीत. आधी मोबाईलवर खणाखणाचे फोटो घ्या, गठ्ठ्यांना नंबराच्या चिठ्ठ्या लावा, मगच दोरी सोडा.

आता महत्त्वाचं. लोक पत्रिका आणि फोटो जपतात आणि बिलं रद्दीत घालतात, हे एकदम उलटं आहे बघा! पत्रिकेवरनं कार्यक्रम ठरला होता एवढंच कळतं, पाहुणे आले का, ऐनवेळी अध्यक्ष बदलले का, हे इतिवृत्ताची वही, वार्षिक अहवाल आणि पेपरच्या कात्रणातनं कळतं. मांडववाल्याचं बिल, शाल-श्रीफळाची पावती आणि रेव्हेन्यू स्टॅम्पवर विजेत्यानं सही करून दिलेली बक्षिसाच्या रकमेची पोच, ही तीन कागदं हाताला लागली की समारंभ झाला हे नक्की. बक्षिसाच्या फाईलीत देणगीदाराचं मूळ पत्र शोधाच, कारण बक्षीस कुणाच्या स्मरणार्थ आणि कुठल्या अटीवर ते त्यातच असतं, आणि कायम ठेवीचं व्याज पुरेना म्हणून बक्षीस बंद पडलं असेल तर तेही हिशोबातनंच कळतं. प्रदर्शनाचं म्हणाल तर लोकांकडनं मागून आणलेल्या वस्तूंची यादी आणि 'परत मिळाले' अशी सही आधी शोधा, बाकी नंतर.

1941 ला वि. स. खांडेकर आणि 2006 ला मारुती चितमपल्ली अध्यक्ष असताना साहित्य संमेलन सोलापुरात झालं. अध्यक्षांची भाषणं कुठंही मिळतील हो, पण तुमच्या संस्थेनं त्यात काय काम केलं, स्वयंसेवक कोण होते, याचे कागद असले तर तुमच्याच कपाटात.

पत्रिकेवर शके असेल तर इसवी सन काढायला 78 मिळवा, पौष ते फाल्गुनातला कार्यक्रम असला तर बहुतेक वेळा 79. मजकूर तेलुगू असला तर शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू जाणणाऱ्या माणसाला दाखवा, कन्नड-उर्दूचे वाचकही गावात आहेतच, आणि जुना जमाखर्च मोडीत असला तर मोडी वाचणारा गाठा.

गंजलेल्या टाचण्या हळूच काढा, सेलोटेप लावू नका आणि लॅमिनेशन तर अजिबात नको, ते परत निघत नाही. नोंद करायची ती पेन्सिलनंच. उन्हाळ्यात आपल्याकडं कूलर लागतो, त्याच्या ओल्या वाऱ्यासमोर कपाट ठेवू नका, कसर लागते. ग्रुप फोटोवर काही न लिहिता वेगळ्या कागदावर डावीकडनं नावं लिहा, आणि जुने सभासद आहेत तोवरच विचारून घ्या, हे काम सगळ्यात आधी.

कागद 300 डीपीआयला, फोटो 600 ला स्कॅन करा आणि एक कॉपी संस्थेच्या बाहेर कुणाकडं तरी ठेवा. परीक्षकांच्या गुणपत्रिका जपा पण सगळ्यांना दाखवू नका, त्यातली बरीच मंडळी अजून गावातच आहेत आणि कुणाला किती मार्क पडले यावरनं आजही भांडणं होतील.