ब्राउझरमधील नेमबाजीचा खेळ आणि कंट्रोलची कळ
ब्राउझरमध्ये नेमबाजीचा वेगवान खेळ खेळताना खाली वाकण्याची क्रिया कंट्रोलच्या कळीवर ठेवू नये. कारण विंडोजवर ती कळ दाबलेली असताना पुढे सरकण्यासाठी डब्ल्यू दाबले, की ब्राउझर थेट टॅब बंद करतो आणि ऐन चकमकीत खेळाडू सामन्याबाहेर फेकला जातो. हा शॉर्टकट ब्राउझरने स्वतःकडे राखून ठेवलेला असल्यामुळे खेळाच्या संकेतस्थळाला तो सहसा अडवता येत नाही. म्हणून खेळाच्या सेटिंग्जमध्ये जाऊन वाकण्यासाठी शिफ्ट किंवा सी ही कळ निवडावी. दृश्य अडखळत असेल, तर ब्राउझरमधील हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशन (चित्रे दाखवण्याचे काम ग्राफिक्स चिपकडे सोपवणारी सोय) चालू आहे ना, हे आधी तपासावे. पिंग (खेळाच्या सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ) जास्त असल्यास जवळचा सर्व्हर निवडावा.