या चुका टाळा: ‘शुक्रवारपर्यंत’चं इंग्रजी आणि इतर दुखणी

परवा क्लासमध्ये एका मुलाने वहीत लिहिलं, ‘सबमिट द फॉर्म टिल फ्रायडे.’ मी ‘टिल’भोवती लाल गोल काढला. तो म्हणाला, ‘सर, शुक्रवारपर्यंत म्हणजे टिलच की ओ.’ हा गोल काढता काढता माझी बावीस वर्षं गेली.

घोळ ‘पर्यंत’चा आहे. आपला एकच ‘पर्यंत’ दोन कामं करतो. ‘शुक्रवारपर्यंत दुकान बंद आहे’ यात बंद राहणं शुक्रवार उजाडेपर्यंत चालूच आहे, तिथे ‘टिल’. ‘शुक्रवारपर्यंत फॉर्म भरा’ यात काम एकदाच करायचं, फक्त मुदत शुक्रवारची, तिथे ‘बाय’. मी वाक्यात ‘सतत’ घालून बघतो. ‘शुक्रवारपर्यंत दुकान सतत बंद’ चालतं. ‘शुक्रवारपर्यंत सतत फॉर्म भरा’ म्हटलं की पोरं हसतात. हसू आलं की ‘बाय’ लिहायचं. व्याकरणाच्या पुस्तकात हे असं सापडणार नाही, पण मला आजवर पुरलंय.

‘पासून’चंही तेच. ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ ऐकलं की माझी दाढ दुखते. नेमका क्षण किंवा साल असेल तर ‘सिन्स २०१९’, किती काळ ते सांगायचं असेल तर ‘फॉर फाइव्ह इयर्स’.

दुसऱ्याला हसण्याचा हक्क मला कसा मिळाला तेही सांगतो. क्लास काढण्याआधी मी अक्कलकोट रोडला एका टॉवेलवाल्याकडे इंग्रजी पत्रव्यवहार करायचो. मालकांचा नियम होता, ऑर्डरबरोबर निम्मी रक्कम अ‍ॅडव्हान्स. एका जुन्या गिऱ्हाइकासाठी ते म्हणाले, ‘मास्तर, अ‍ॅडव्हान्स वीस टक्क्यांनी कमी केलाय म्हणून लिहा.’ म्हणजे पन्नासचे तीस. मी ऐटीत टाइप केलं, ‘वी हॅव रिड्यूस्ड द अ‍ॅडव्हान्स टू ट्वेंटी पर्सेंट.’ ऑर्डर होती १,८०,००० रुपयांची. ५४,००० यायच्या ठिकाणी ३६,००० चा ड्राफ्ट आला. मालकांनी फोन लावला तर पलीकडच्याने माझंच पत्र वाचून दाखवलं. बिचाऱ्याचं काय चुकलं? ‘टू’ म्हणजे वीसवर आणला, ‘बाय’ म्हणजे वीसने कमी केला. मराठीत ‘वर’ आणि ‘ने’ यांत आपण झोपेतही गोंधळ घालत नाही. मी मात्र मराठी वाक्य नीट न ऐकताच इंग्रजीत उडी मारली. सूतवाला उरलेल्या १८,००० साठी आठवडाभर दारात बसून होता, आणि त्याला चहा द्यायचं काम मालकांनी मलाच लावलं होतं.

तेव्हापासून आकडा असलेलं प्रत्येक इंग्रजी वाक्य मी आधी मराठीत मोठ्याने म्हणतो. मोबाइलवर भाषांतर करून चिकटवणाऱ्यांना हे वेळखाऊ वाटतं. वाटू दे.

आता ‘अ’ आणि ‘अ‍ॅन’. ए-ई-आय-ओ-यू पाठ करून हे येत नाही, कारण इथे अक्षर बघायचं नसतं, उच्चार बघायचा असतो. आपल्याकडे त्यासाठी फुकटचं यंत्र आहे, देवनागरी. शब्द मराठीत लिहा. सुरुवात स्वराने झाली तर ‘अ‍ॅन’, व्यंजनाने झाली तर ‘अ’. ‘अवर’, म्हणून ‘अ‍ॅन अवर’. ‘युनिव्हर्सिटी’, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘वन-वे तिकीट’, म्हणून ‘अ’.

सोलापुरात मात्र हे यंत्र दोन ठिकाणी अडतं. आपण ‘एम’ला ‘यम’ म्हणतो आणि ‘एल’ला ‘यल’. कानडी-तेलुगू शेजार आहे, जीभ तशीच वळते. मग पोरं ‘अ यमेले’ लिहितात. तिथे ‘अ‍ॅन एमएलए’च हवं. उलटा घोळ ‘न्यू इयर’चा. आपण ‘इयर’ लिहितो, पण वर्षाच्या त्या शब्दाला इंग्रजीत सुरुवातीला ‘य’ आहे, म्हणून ‘अ इयर’. ‘अ‍ॅन इयर’ म्हणालात तर तो कान झाला.

‘द’बद्दल फार बोलत नाही, त्यावर पोरं झोपतात. नदीला लागतो: द भीमा, द सीना. गावाला लागत नाही: नुसतं सोलापूर. गाडीला लागतो: द हुतात्मा एक्सप्रेस. पोरगं शिकायला ‘गोज टू स्कूल’, बाप फी भरायला ‘गोज टू द स्कूल’.

सर्वनामांत आपला आदर आडवा येतो. ‘वडील बाहेर गेलेत’ याचं ‘दे हॅव गॉन आउट’ करणारे दर बॅचला चार तरी निघतात. इंग्रजीत बाप एकच असतो, ‘ही’. आदर ‘सर’मध्ये दाखवा. बस गेली म्हणून ‘शी हॅज गॉन’ नको, ती ‘इट’. आणि ‘त्याने आपली गाडी विकली’ याचं ‘ही सोल्ड अवर बाइक’ केलंत तर पोलिसात जावं लागेल. तिथे ‘हिज’.

‘मायसेल्फ’ने ओळख करून देऊ नका. ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लागत नाही. लग्न ‘विथ’ नाही, ‘मॅरिड टू’. राग माझ्या‘वर’ आला तरी ‘अँग्री विथ मी’. सीनियर ‘दॅन’ नाही, ‘टू’. ‘वन ऑफ माय फ्रेंड’मधला मित्र एकटा पडलाय, ‘फ्रेंड्स’ करा.

‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’वाल्यांची पुस्तकं घेऊन कुणी आलं की मी पहिल्या दिवशी मराठीच्या विभक्ती विचारतो. निम्मे दुसऱ्या दिवशी येत नाहीत. माझी फी जाते, डोकं वाचतं.

शुक्रवारवाला मात्र टिकलाय. काल त्याने ‘टिल’ खोडून ‘बाय फ्रायडे’ केलं, वही पुढे सरकवली आणि म्हणाला, ‘सर, पण बाय म्हणजे ‘ने’ ना? मग हे ‘शुक्रवारने फॉर्म भरा’ झालं की ओ.’ मी खडू उचलला आणि फळा पुसायला घेतला.